धरणाच्या भिंतीखालचं पाणी

काचेच्या नळीत नळाचं पाणी घेतलं, वरून ओटीचे थेंब टाकले, बूच लावून हलवलं आणि नळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी धरली. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडिन. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर ते पिवळं होतं, आणि क्लोरीन जितकं जास्त तितका रंग गडद. गावोगावचे पाणी सोडणारे कर्मचारी वर्षानुवर्षं हीच चाचणी करत आलेत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय निकषानुसार नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं लागतं. तेवढं असलं तरी फिका पिवळा रंग दिसतो. आमच्या नळीत काहीच दिसलं नाही. पाणी होतं तसंच राहिलं, स्वच्छ, काचेसारखं.

तो २०२५ च्या जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. मी तेरा वर्षं पुण्याजवळ, खडकवासला धरणाच्या खालच्या अंगाला असलेल्या किरकटवाडीत राहते आणि शाळेत रसायनशास्त्र शिकवते. ही चाचणी दरवर्षी मुलांना करून दाखवते, पण स्वतःच्या घरच्या पाण्याला कधी लावून पाहिली नव्हती. त्या दिवशी आमच्या इमारतीमागच्या खोल्यांत राहणाऱ्या एका मुलाला पाय उचलेनात म्हणून रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, आणि संध्याकाळी मी शाळेतून नळी आणि ओटीची बाटली घरी घेऊन आले.

हे प्रकरण त्या मुलाचं आहे, आणि तो जिथे राहतो, राबतो आणि रविवारी फिरायला जातो त्या पट्ट्याचंही आहे.

पट्टा

धायरी फाट्यावरून खडकवासल्याकडे निघालं की आधी नांदेड फाटा लागतो, मग किरकटवाडी फाटा, कोल्हेवाडी, खडकवासला गाव, संशोधन केंद्राचं फाटक, आणि मग एका वळणावर उजवीकडे एकदम पाणी उघडतं. धरणाच्या काठाने रस्ता पुढे डोणजे फाट्याकडे जातो. पुणेकर या काठाला चौपाटी म्हणतात. कणसाच्या शेगड्या, भेळ, कांदाभजी, बर्फाचा गोळा, घोड्यावरची चक्कर, कठड्यावर बसून पाण्याकडे पाहणारी जोडपी, चौपाटीला लागतं ते सगळं इथे आहे. पावसाळ्यातल्या रविवारी सिंहगड, पानशेत आणि चौपाटी अशा तिन्हींची गर्दी याच एका रस्त्यावर येते आणि गाड्यांची रांग पार किरकटवाडी फाट्यापर्यंत मागे सरकते.

समुद्रासारखी इथे भरती-ओहोटीही आहे, फक्त तिचा फेरा वर्षाचा असतो. पावसाळ्यात पाणी कठड्याच्या दगडांना लागतं. उन्हाळ्यात ते मागे सरतं आणि भेगाळलेला गाळ उघडा पडतो. योगायोग असा की याच गावात केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली सुरू झालेल्या या संस्थेच्या मोठमोठ्या शेडमध्ये बंदरांच्या आणि खाड्यांच्या प्रतिकृती बांधून लाटांचा आणि भरतीचा अभ्यास होतो. आमच्याकडे समुद्र नाही, पण समुद्राचा अभ्यास मात्र इथे होतो.

बाहेरून येणाऱ्याला एवढंच दिसतं. रस्त्याच्या आतल्या अंगाला दुसरं गाव आहे. नांदेड फाट्यापासून धायरीपर्यंत पत्र्याच्या शेडमध्ये लेथ, ड्रिल, प्रेस, फॅब्रिकेशन आणि पावडर कोटिंगची कामं चालतात. बहुतेक जॉबवर्क असतं. मोठ्या कारखान्याला लागणारा एखादा बुश, एखादी पिन, एखादा ब्रॅकेट इथे शेकड्याने निघतो. नांदोशीच्या बाजूने खडी आणि क्रशसँडचे डंपर उतरतात. आणि या दोन्हींच्या मधे आम्ही: नांदेडच्या मोठ्या टाउनशिपपासून दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोल्यांपर्यंत. पेठांमधली घरं परवडेनात म्हणून आम्ही इकडे आलो. लेथवरची मुलं लातूर, बीदर आणि मराठवाड्यातल्या नांदेडकडून आली. मूळ गावकऱ्यांच्या जमिनी आधी धरणात गेल्या, मग संशोधन केंद्रात, मग राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या सात हजारांवर एकरांत. जे उरलं त्यावर त्यांनी खोल्या बांधल्या नाहीतर चौपाटीवर गाडी लावली.

ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जो राग निघाला तो याच गाड्यांवर निघाला.

पाणी कुठून कुठे जातं

खडकवासला धरण १८७९ च्या सुमारास पूर्ण झालं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा त्या लोंढ्याने तेही फुटलं, आणि पुण्याच्या पेठा बुडाल्या. नंतर ते पुन्हा बांधलं. आज ते साठवणीपेक्षा वाटपाचं धरण आहे. त्याची स्वतःची क्षमता १.९७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. वरच्या पानशेतची १०.६५, वरसगावची १२.८२ आणि टेमघरची ३.७१. चारही मिळून २९.१५ टीएमसी, आणि हे सगळं पाणी शेवटी चौपाटीसमोरच्या त्या छोट्या जलाशयातूनच पुढे जातं. एक वाट कालव्याने हडपसर, दौंड, इंदापूरच्या शेतीकडे. दुसरी बंद पाइपातून पर्वती आणि वडगावच्या शुद्धीकरण केंद्रांकडे. तिथे तुरटी पडते, गाळ बसतो, वाळूतून गाळणी होते, क्लोरीन लागतं आणि मग ते शहराच्या नळाला जातं.

माझं बालपण शनिवार पेठेत गेलं. शाळेतून आलं की नळाला ओंजळ लावायची आणि प्यायचं. ते पाणी खडकवासल्याचंच होतं. लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही धरणाच्या इतक्या जवळ आलो की रात्री धरणाचे दरवाजे उघडले तर गच्चीवरून आवाज येतो. आणि इथे आल्यावर पहिल्यांदा पाणी विकत घ्यायला लागलो.

त्याचं कारण साधं आहे. ही गावं शहराच्या हद्दीबाहेर होती. धायरी २०१७ साली महापालिकेत आली. खडकवासला, किरकटवाडी, नांदेड आणि नांदोशी ३० जून २०२१ ला, एकूण २३ गावांबरोबर. पण हद्द कागदावर एका दिवसात सरकते, पाइपलाइन सरकत नाही. ग्रामपंचायतीच्या काळातली योजना तशीच चालू राहिली: विहिरीत पाणी, विहिरीवर पंप, टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, आणि तिथून थेट घरात. गाळणी नाही. शहराकडे जाणारा शुद्धीकरणाआधीचा मोठा पाइप आमच्याच रस्त्याच्या कडेने जातो. त्यातलं पाणी काही किलोमीटर पुढे जाऊन शुद्ध होतं, पण शुद्ध झालेलं पाणी मागे आमच्याकडे यायला वाट नव्हती.

मुलगा

वय बावीस. नांदेड फाट्याजवळच्या एका शेडमध्ये लेथवर टर्नर. आमच्या इमारतीमागे चार जणांच्या खोलीत राहायचा. जानेवारीच्या मध्यावर दोन दिवस जुलाब झाले, मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या, बरा झाला. आठ-दहा दिवसांनी तळपायाला मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी जिना चढताना गुडघा दुमडला. तिसऱ्या दिवशी लेथसमोर उभं राहता येईना.

जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात सिंहगड रस्त्यावर गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण सापडत असल्याच्या बातम्या सुरू झाल्या होत्या. पुढे ही संख्या दोनशेच्या वर गेली आणि काही जणांचा मृत्यू झाला. हा आजार एरवी वर्षाला लाखात एखाद-दोघांना होतो. पोटाचा किंवा श्वासाचा एखादा संसर्ग होतो, शरीर त्याच्याशी लढतं, आणि लढता लढता आपल्याच नसांवरच्या आवरणावर हल्ला करतं. पायांपासून अशक्तपणा वर चढतो. तो छातीपर्यंत पोचला तर श्वासाला यंत्र लागतं. राष्ट्रीय विषाणू संस्थेने तपासलेल्या काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. दोन्ही दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातात.

म्हणजे तो मुलगा आजारी पडला तो पाय गेले त्या दिवशी नव्हे, दहा दिवस आधी. काय खाल्लं, काय प्यायलं ते त्या आधीच्या आठवड्यातलं शोधायला हवं होतं. दवाखान्यात त्याची आई गावाहून येईपर्यंत मी त्याच्याजवळ बसले होते. तो बोलू शकत होता, म्हणून मी वहीत लिहून घेतलं. सोमवार ते शनिवार शेडमध्ये जारचं पाणी. खोलीवर नळाचं पाणी, निळ्या पिंपात भरलेलं, त्यात बुडवायला स्टीलचा मग. शनिवारी रात्री फाट्यावरच्या गाडीवर चिकन. रविवारी मित्रांबरोबर चौपाटीवर भजी, आणि तिथल्याच ड्रममधलं पाणी.

एका माणसाच्या एका आठवड्यात आमचं सगळं उपनगर आलं होतं. आणि नेमका दोष कुठला, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं.

बोट दाखवणं

पहिलं बोट चौपाटीकडे गेलं. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने लिहिलं, ‘सगळ्या गाड्या उचलून न्या, आपोआप साथ थांबेल.’ त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मला ते तेव्हाही पटलं नाही, आणि कारण भावनेचं नव्हतं. रविवारी चौपाटीवर येणारा माणूस कोथरूडचा असतो, हडपसरचा असतो, पिंपरीचा असतो. भज्यांतून रोग पसरला असता तर रुग्ण पुणेभर विखुरले असते. प्रत्यक्षात ते नांदेड, किरकटवाडी, धायरी आणि सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात दाट होते. रोज इथे राहणारा आजारी पडतोय आणि आठवड्यातून एकदा येणारा फारसा पडत नाही, तर आधी रोजच्या वस्तूकडे बघायला हवं.

दुसरं बोट कोंबड्यांकडे. धरणाच्या आसपासच्या पोल्ट्रींतून नमुने घेतले गेले. यात तथ्य आहे. कॅम्पिलोबॅक्टर कोंबडीच्या आतड्यात सहज राहतो, कोंबडीला त्याचा त्रासही होत नाही. पण मांस नीट शिजलं की तो मरतो. पोल्ट्रीचा धोका ताटापेक्षा ओढ्यात जास्त आहे असं माझं मत आहे. विष्ठा आणि धुवणाचं पाणी ओढ्याला लागतं, ओढा धरणाला किंवा विहिरीला. धरणाच्या वरच्या अंगाला गोऱ्हे, डोणजे, खानापूर अशी गावं आहेत, हॉटेलं आणि फार्महाउस आहेत. त्यांचंही सांडपाणी त्याच उताराने खाली येतं. कोंबडीला एकटीला दोषी धरलं तर हे बाकीचं सगळं सुटतं.

तिसरं बोट जारकडे, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण सुशिक्षित घरांतही या बाबतीत मोठा गैरसमज आहे. आरओ म्हटलं की पाणी शुद्ध, असं आपण धरून चालतो. आरओच्या यंत्रात पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून ढकलून गाळतात, आणि त्या पडद्याआधी कार्बनची गाळणी असते. ती क्लोरीन काढून टाकते, नाहीतर पडदा खराब होतो. म्हणजे यंत्रातून बाहेर पडलेलं पाणी त्या क्षणी चांगलं असलं तरी त्याला पहारेकरी उरलेला नसतो. मग ते वीस लिटरच्या जारमध्ये भरतात. तो जार आदल्या दिवशी कुठल्या तरी शेडमध्ये ग्रीसच्या हातांनी उचललेला असतो. आत गार पाणी फिरवून तो ‘धुतला’ जातो. एक जंतू शिरला तर त्याला अडवायला आत काही नाही. सीलबंद बाटलीवर निदान परवान्याचा क्रमांक छापलेला असतो, या जारवर काहीच नसतं. फेब्रुवारीत नांदेड, धायरी आणि आसपासचे असे ३० खासगी जलशुद्धीकरण प्रकल्प सील झाले.

सील करणं बरोबरच होतं. पण दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या शेडचे मालक फाट्यावर भेटले ते हवालदिल होते. म्हणाले, “बाई, नऊ पोरं आहेत माझ्याकडे. जार बंद झाला. आता ती कुठलं पाणी पितायत माहितीये? समोरच्या नळाचं.” समोरचा नळ म्हणजे विहिरीचा. ज्या नळाच्या पाण्यात माझ्या नळीला क्लोरीन सापडलं नव्हतं, तोच. एक वाट बंद करताना माणूस कोणत्या वाटेने जाईल ते कुणी पाहिलं नव्हतं.

नळाच्या टोकाला

विहीर ही या प्रकरणातली सगळ्यात बोलकी जागा आहे. धरणाच्या खालच्या अंगाच्या विहिरीला पाझर भरपूर असतो, त्यामुळे ती आटत नाही, आणि आटत नाही म्हणून तिच्यावर योजना बांधली जाते. पण पाझर जसा धरणाचा येतो तसा शोषखड्ड्यांचा आणि गळक्या गटारांचाही येतो. जिथे पूर्वी वाडीतली थोडी घरं होती तिथे आता सात-सात मजल्यांच्या इमारती आहेत, आणि पुष्कळ इमारतींना अजून ड्रेनेजची लाइन नाही.

त्यावर उपाय होता टीसीएल. हजार लिटरला पाच ग्रॅम, आणि अर्धा तास थांबायचं. मात्र पोतं दमट जागी उघडं राहिलं की पावडरीतलं क्लोरीन उडून जातं, पाच ग्रॅमचं काम दहानेही होत नाही. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन मातीवरच खर्च होतं. आणि गाळणी नसलेली योजना असली की पावसाळ्यात पाणी गढूळ असणारच.

आम्ही सात ठिकाणं ठरवली. विहिरीजवळचं एक घर, शाळेचा नळ, दोन सोसायट्या, मागच्या खोल्या, शेड, आणि ओढ्याकडेचं शेवटचं घर. दर रविवारी सकाळी पाणी आलं की सातही ठिकाणी ओटी लावायची आणि रंग वहीत लिहायचा. नवव्या इयत्तेतल्या चार मुली माझ्याबरोबर यायच्या. ओटी अंगाला लागू द्यायची नाही, तपासलेलं पाणी तोंडात घ्यायचं नाही, एवढं त्यांना बजावून ठेवलं होतं.

तोपर्यंत सगळीकडे ओरड झाल्यामुळे विहिरीवर क्लोरीनचा मारा वाढला होता. पहिल्या रविवारी विहिरीजवळच्या घरात नळी गडद पिवळी झाली. शाळेत फिकी. खोल्यांत जेमतेम. ओढ्याकडेच्या घरात रंगच नाही. दुसऱ्या रविवारी तसंच. तिसऱ्या रविवारी एका मुलीने विचारलं, “बाई, पाणी तेच आहे ना? मग वाटेत रंग कोण खातं?”

तो प्रश्न घेऊन आम्ही पाइपच्या बरोबरीने चालत गेलो. शेवटच्या दोनशे पावलांत पाइप उघड्या गटारातून जात होता. काळं पाणी त्याच्या अंगावरून वाहत होतं, आणि एका जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती. पाणी दिवसातून तासभर येतं. बाकीच्या वेळी पाइप रिकामा असतो, आणि रिकामा पाइप बाहेरचं आत ओढतो. जोपर्यंत तो जोड त्या गटारात होता, तोपर्यंत विहिरीत कितीही पावडर टाकली तरी शेवटच्या घराला उपयोग नव्हता. आणि ती पट्टी काही वर्षांपूर्वी कुणीतरी नीट, मन लावून बांधलेली होती. हे सारखं माझ्या मनात येतं. त्या माणसाने त्याच्याकडे जे होतं त्यात काम केलं होतं.

कुणाचं काय

जलाशयाचं पाणी जलसंपदा विभागाचं. पलीकडचा काठ बराचसा संरक्षण खात्याचा. वरच्या अंगाची गावं ग्रामपंचायतींची. खालची गावं महापालिकेची, पण त्यांच्या विकास आराखड्याचं काम २०२१ मध्ये दिलं गेलं ते पीएमआरडीएकडे, म्हणजे महानगर विकास प्राधिकरणाकडे. गाडीवरचं अन्न एका खात्याकडे, पोल्ट्री दुसऱ्याकडे, कारखान्याचं सांडपाणी तिसऱ्याकडे. यातलं प्रत्येक खातं आपापल्या जागी असेलही बरोबर. पण पाणी एकच आहे, ते या सगळ्यांच्या हद्दीतून एका दिवसात जातं.

माझी मावशी उरणला असते. तिथे पीरवाडीचा किनारा, शेजारी ओएनजीसीचा प्रकल्प, पलीकडे जवाहरलाल नेहरू बंदर आणि मधे गाव, अशी आमच्यासारखीच रचना आहे, फक्त खाऱ्या पाण्याकाठी. तिथेही तक्रारी आहेत, पण निदान कागदावर एक रेघ आहे. १९९१ पासून सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, अधिसूचना आहे, भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या जमिनीचा विचार किनारा म्हणून एकत्र होतो. उद्योग, हॉटेल, घर, काहीही असो, त्याला ती रेघ विचारावी लागते. आमच्याकडे नदीला निळी आणि लाल पूररेषा आहे, पण ती पुराची आहे, पाण्याच्या स्वच्छतेची नाही. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पस्तीस हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरं बुडाली, तेव्हा त्या रेषांची चर्चा झाली. नदीकाठी कारखान्यांना अंतर घालून देणारं धोरण राज्याने २००० साली आणलं होतं, ते २०१५ मध्ये रद्द केलं. ज्या पाण्यावर लाखो लोक जगतात त्याच्या काठाला किनाऱ्याइतकीही ओळख नसावी, हे मला मान्य नाही. काठ हा एक घटक धरून त्याची जबाबदारी एका ठिकाणी असायला हवी.

टाकी

मार्चमध्ये आमच्या पार्किंगमध्ये बैठक झाली. ज्याने गाड्या उचलून न्या असं लिहिलं होतं तो आला होता. शेडमालक आले. चौपाटीवर कणसं विकणाऱ्या मावशींना मी स्वतः घेऊन आले. दोन महिन्यांत त्यांचा धंदा पार बसला होता. आधी त्या बोलेनात. मग म्हणाल्या, “कणसाला पाणी लागतंच कुठं हो? निखाऱ्यावर भाजतं ते. लिंबू कापायच्या आधी हात धुते, तेवढंच.” कुणीतरी विचारलं, हात कशात धुता? त्या म्हणाल्या, “ड्रमात. त्यातलंच पितो आम्ही. त्यातलंच गिऱ्हाइकाला देतो.”

ड्रम उघडा, आणि दिवसभर त्यात शेकडो हात बुडणार. खोलीवरचं निळं पिंप तसंच. शेडमधला ड्रमही तसाच. वहीतली तिन्ही ठिकाणं मला समोर दिसली.

शेडमालकांनी तिथेच मापं विचारली. आठवड्याभरात त्यांच्या पोरांनी पहिली टाकी बनवली: दोनशे लिटरचं नवं पिंप, लोखंडी अँगलच्या स्टँडवर कमरेइतकं उंच, झाकणाला कडी, तळापासून चार बोटं वर पितळी तोटी. हात आत घालायला जागाच नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला मी कागद चिकटवला: एक ग्रॅम टीसीएल, अर्धा तास थांबा. पावडरीच्या मोजून बांधलेल्या पुड्या शाळेतल्या तराजूवर मुलींनी केल्या. आज अशा टाक्या चौपाटीवर आहेत, शेडांत आहेत, मागच्या खोल्यांच्या बोळात आहे. मावशींनी आपल्या टाकीला हळदीकुंकू लावलंय.

पाइपसाठी संबंधित कार्यालयात चार खेपा झाल्या. तीनदा साहेब नव्हते. चौथ्यांदा मी मुलींची वही पुढे ठेवली, सात ठिकाणं, सहा रविवार, रंगांसकट. एक तरुण अभियंता उठून आमच्याबरोबर ओढ्यापर्यंत आला. त्याने ट्यूबची पट्टी पाहिली, खाली बसून हात लावला. एप्रिलअखेर तो तुकडा गटाराच्या वर घेतला गेला. शेवटच्या घराची नळी त्यानंतरच्या रविवारी पहिल्यांदा पिवळी झाली. त्या घरातल्या आजींना मी नळी दाखवली तर त्यांना वाटलं पाणी खराब झालं.

गाळणीचं काम मोठं आहे, ते अजून व्हायचंय. ड्रेनेजही तसंच. उकळून प्यायचं आम्ही सोडलेलं नाही, आणि पाऊस लागला की ओटीबरोबर गढूळपणाही लिहितो.

मुलाला इम्युनोग्लोब्युलिन या औषधाच्या बाटल्या लावाव्या लागल्या. श्वासाचं यंत्र लागलं नाही. मार्चभर तो भिंत धरून चालत होता, मेमध्ये जिना चढला. आई गावी परत गेली ती आषाढीच्या सुमाराला, त्याला दोन वेळा भात लावता येतो याची खात्री करूनच. जुलैत तो शेडमध्ये रुजू झाला. मालकांनी लेथसमोर उंच स्टूल ठेवलंय, अजून फार वेळ उभं राहवत नाही. परवा रविवारी नळ्या घेऊन आम्ही शेडमध्ये गेलो तर तो स्टुलावरून उतरला, स्टँडवरच्या टाकीची तोटी सोडून आपल्या बाटलीत पाणी भरलं आणि बाटली माझ्या हातात दिली. म्हणाला, “बाई, आधी याचा रंग बघा, मग पितो.”